संस्थेचा इतिहास लिहायला सांगतील तेव्हा

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेत एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलं फील्डवर्कला आली, की केव्हातरी त्यांच्या गळ्यात एक काम पडतंच. "आपलं सुवर्णमहोत्सवी वर्ष येतंय, जरा संस्थेचा इतिहास लिहून द्या ना." तुम्हाला टायपिंग येतं, तुम्ही फुकट आहात आणि नाही म्हणायची तुमची सोय नाही, एवढीच पात्रता त्यामागे असते. मी वडोदऱ्याच्या सोशल वर्क फॅकल्टीतच शिकले, पुढे याच क्षेत्रात नोकरीला लागले आणि अशा स्मरणिकांच्या मागे बरीच राबले. यंदा ज्यांच्यावर ही पाळी आली आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. कंटाळवाणं काम म्हणून उरकून टाकू नका. वर्गात नोट्स काढून संस्था जेवढी कळत नाही, तेवढी जुनी रजिस्टरं चाळून कळते.

कार्यकारिणीला काय हवं असतं ते ठरलेलं आहे. संस्थापकांचा हार घातलेला फोटो, छोट्याशा रोपट्याचा वटवृक्ष, मान्यवरांचे शुभसंदेश आणि सुरुवातीला २०११ च्या जनगणनेतला २ कोटी ६८ लाखांचा आकडा. आकडा खरा आहे, पण तुमच्या संस्थेबद्दल तो चकार शब्द बोलत नाही. मुलाखतींनाही लगेच पळू नका. ज्येष्ठ विश्वस्तांकडे गेलात की ते रौप्यमहोत्सवात केलेलं भाषणच ऐकवतात. इतक्या वेळा सांगून त्यांचं ते पाठ झालेलं असतं, त्यांना तरी काय बोल लावायचा! आधी कागद, मग माणसं.

पहिला कागद म्हणजे पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या सरकारी नोंदवहीचा, उतारा. बडोदा संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झालं, म्हणून १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इथे लागू झाला. १९६० साली गुजरात वेगळा झाला तरी कायदा तोच राहिला, आता त्याचं नाव तेवढं गुजरातचं झालंय. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या संस्थांसारखीच इथल्या ट्रस्टची कुंडली चॅरिटी कमिशनरच्या दप्तरात असते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा, जागा विकायची तर कलम ३६ खाली आधी परवानगी घ्यायची. हे सगळे अर्ज तारखेनिशी एका वहीत उतरवा. तीन विश्वस्तांनी एकाच महिन्यात "वैयक्तिक कारणास्तव" राजीनामे दिलेले दिसले, तर तिथे खूण करून ठेवा. त्याबद्दल पुढे कुणाला तरी विचारावं लागणार आहे, आणि पहिल्या भेटीत विचारू नये एवढं तारतम्य तुम्हाला असेलच.

मग प्रोसिडिंगच्या, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या, वह्या. वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी मंडळींनी काढलेल्या संस्थांमध्ये सुरुवातीच्या वह्या मराठीत सापडतात. सयाजीरावांच्या १८७५ ते १९३९ या राजवटीत दक्षिणेतून, म्हणजे महाराष्ट्रातून, आलेल्या कारकून-मास्तरांची पुढची पिढी विद्यापीठात, बँकेत, रेल्वेत लागली आणि निवृत्त झाल्यावर अशा कमिट्यांवर बसली. "सभा सायंकाळी साडेपाच वाजता रा. रा. अध्यक्षांचे घरी भरली" अशी त्यांची भाषा. पुढे कुठल्याशा वर्षी वही एकाएकी गुजराती होते. ते पान नीट वाचा. बहुधा तिथे नवा खजिनदार आलेला असतो, त्याच्या ओळखीने देणगीदार आलेले असतात आणि वर्षभरात जागेचा प्रश्न सुटलेला असतो. जुन्या मराठी सभासदांची नावं उपस्थितीत हळूहळू कमी होतात. आमच्याकडे याबद्दल दोन्ही बाजूंनी कुरकुर ऐकू येते. माझं मत विचाराल तर भाषा बदलली म्हणूनच त्यातल्या कित्येक संस्था तगल्या.

हिशेबाच्या वह्या बघताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. जुनी खाती दिवाळी ते दिवाळी लिहिलेली असतात, विक्रम संवताप्रमाणे. इथला संवत कार्तिकात बदलतो, तेव्हा संवत २०३० म्हणजे १९७३ ची दिवाळी ते १९७४ ची दिवाळी. १९८९ पासून आयकरासाठी सगळ्यांनाच एप्रिल ते मार्च असं वर्ष धरावं लागलं, तिथून पुढे घोळ नाही. पण त्याआधीच्या प्रत्येक आकड्यापुढे वर्ष लिहिताना दोनदा बघा, नाहीतर स्मरणिकेत शाळेची इमारत तिच्या भूमिपूजनाआधीच बांधून होईल.

याच वह्यांत "कायमी तिथी" नावाचं खातं मिळेल. संस्थेत गेल्या-गेल्या जिन्याशी संगमरवराची पाटी असते, ओळीने नावं आणि तिथ्या कोरलेली. कुणाच्या सासूबाईंची चैत्र शुद्ध नवमी, कुणाच्या वडिलांची भाद्रपदातली तिथी. एकदाच रक्कम भरायची, तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशी मुलांना जेवण. समजा चाळीस वर्षांपूर्वी कुणी १,००१ रुपये भरले. तेव्हा ठेवीवर दहा-अकरा टक्के व्याज मिळायचं, शंभरेक रुपयांत एका वर्गाचं जेवण, वर शिरा, आरामात व्हायचं. आज त्याच रकमेचं व्याज सत्तरच्या आसपास येतं, त्यात एक वर्गभर केळीसुद्धा येत नाहीत. पाटी मात्र संगमरवरी, आणि शब्द दिलेला. हा फरक दरसाल कोण भरतंय ते हिशेबात शोधा. कधी शिल्लक निधीतून जातो, कधी कुणी तरी गुपचूप भरत असतं. संस्थेचा स्वभाव मला अशा ठिकाणी सापडला. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं, दुसरं काही नाही.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो मुलांच्या प्रवेशाच्या जनरल रजिस्टरला. नाव, जन्मतारीख, पत्ता, "व्यंगाचा प्रकार" आणि शाळा सोडल्याचं कारण, एवढेच रकाने. सत्तर-ऐंशीच्या दशकातली पानं उघडा. प्रकाराच्या रकान्यात "पोलिओ", "पोलिओ", "पोलिओ". त्या काळच्या खर्चात कॅलिपर (पायाला बांधायचे आधार), चामडी पट्टे, बूट आणि ऑपरेशनच्या शिबिरांची बिलं दिसतील. मग १९९५ पासून पल्स पोलिओ सुरू झाला, तशी ही नोंद विरळ होत जाते. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. ज्या संस्था पोलिओसाठी निघाल्या होत्या त्यांच्यापुढे सरळ प्रश्न होता, आता करायचं काय? काहींनी सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसलेली, मुलं घ्यायला सुरुवात केली. ती मुलं चालायला लागण्याचं आश्वासन देता येत नाही, फिजिओथेरपी वर्षानुवर्षं लागते, आणि कॅलिपर घालून मूल उभं राहिल्याचा जो फोटो देणगीदारांना दाखवता यायचा तो इथे मिळत नाही. या वळणावर संस्थेत वाद झालेला असणारच. प्रोसिडिंगमध्ये तो "साधकबाधक चर्चा झाली" एवढ्या तीन शब्दांत पुरलेला असतो.

मूकबधिर शाळांचं रजिस्टर वेगळीच गोष्ट सांगतं. तिथे अलीकडच्या वर्षांत प्रवेशच घटलेले दिसतात. गुजरातेत शाळा आरोग्य कार्यक्रमात लहान मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं उपकरण) मोफत मिळतं, केंद्राच्या योजनेतही त्याला पैसा आहे, आणि बरीच मुलं थेट साध्या शाळेत जातात. पटसंख्या पडली म्हणजे संस्था ढासळली, असा निष्कर्ष काढायची घाई करू नका.

याच रजिस्टरात आणखी एक गोम आहे. जुन्या पानांवर "ऑटिझम" सापडणार नाही. याचा अर्थ ती मुलं नव्हती असा नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. त्याआधी सयाजी हॉस्पिटलमधून प्रमाणपत्र आणायचं तर आई-बापांना मुलाला दुसऱ्या रकान्यात बसवावं लागे, म्हणून ही मुलं "मतिमंद" म्हणून नोंदलेली आहेत. एखाद्या नोंदीपुढे जुन्या बाईंनी पेन्सिलीने लिहिलेलं असतं: "नावाने हाक मारल्यास बघत नाही. पंख्याकडे तासन्‌तास." डॉक्टरांच्या कागदापेक्षा ती ओळ जास्त खरी. अशा ओळी जशाच्या तशा उतरवून घ्या, पण मुलाचं नाव उतरवू नका.

आता माणसं. पालकांना भेटाल तेव्हा संस्थेविषयी विचारू नका, त्यांच्या मुलाच्या दिवसाविषयी विचारा. संस्था आपोआप येते. बहुतेक पालकसंघ एकाच प्रश्नातून निघाले, "आमच्यामागे याचं काय?" राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याने अठरा वर्षांपुढच्यांसाठी कायदेशीर पालक नेमायची सोय केली, जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती तो नेमते. त्या अर्जांच्या फायली संस्थेत असतील तर कोणत्या वर्षापासून आहेत ते बघा. अर्ज कुणी भरले, कुणी पालकांना हाताला धरून कलेक्टर कचेरीत नेलं, हेही विचारा. बहुधा एखाद्या कारकून भाईंचं नाव निघतं, ज्यांचा कुठल्याही स्मरणिकेत फोटो नाही.

आणि तेडागर बेन. मुलांना घरून आणणारी, पोचवणारी, कपडे बदलणारी, भरवणारी. तिला कॅम्पातली प्रत्येक गल्ली, कुठल्या पोळीत (जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत) रिक्षा वळत नाही, कुठलं मूल उचलून आणावं लागायचं, सगळं पाठ असतं. तिच्याशी ऑफिसात खुर्चीवर बसवून बोलाल तर ती "सगळं चांगलंच होतं, बेन" एवढंच म्हणेल. दुपारी डबे धुवायच्या वेळी तिच्याशेजारी बसा, जमलं तर दोन डबे घासा.

माजी विद्यार्थ्यांशी बोलल्याशिवाय तर काहीच लिहू नका. हे सांगावं लागतं हीच खेदाची गोष्ट आहे, पण मी अशा स्मरणिका पाहिल्या आहेत ज्यांत दिव्यांग माणसाचं एकही वाक्य नाही. कर्णबधिर माजी विद्यार्थ्याकडे जाताना शाळेतल्याच बाईंना दुभाषी म्हणून नेऊ नका. एका बैठकीत माझ्यासमोर प्रेसमध्ये काम करणारे एक गृहस्थ बराच वेळ हातांनी सांगत होते. मनगटावर फटका मारल्याची खूण त्यांनी दोनदा केली. शेजारी बसलेल्या निवृत्त बाईंनी भाषांतर केलं, "ते म्हणतात, शाळेत शिस्त चांगली होती." पुन्हा गेलो ते बाहेरचा दुभाषी घेऊन. तेव्हा कळलं की वर्गात खुणा करायला बंदी होती, ओठ वाचायचे आणि बोलायचं एवढंच शिकवलं जाई, आणि खुणांची भाषा ही मुलं मागच्या अंगणात एकमेकांकडून शिकली. त्या काळी बहुतेक ठिकाणी हीच पद्धत होती. भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था दिल्लीत स्थापन झाली तीच २०१५ मध्ये. बाईंना खलनायिका करायचं काही कारण नाही, त्यांना जे शिकवलं गेलं ते त्यांनी प्रामाणिकपणे केलं. पण दोन्ही गोष्टी छापून यायला हव्यात, आणि त्यासाठी विश्वस्तांशी थोडं भांडावं लागतं.

संमतीचं लेखी घ्या. मूल लहान असेल तर पालकांची, पण सज्ञान माणसाची त्याचीच. बौद्धिक अक्षमता असली तरी त्याला फोटो दाखवून, सोप्या शब्दांत सांगून विचारा. "आईची सही आहे ना" म्हणून पुढे जाऊ नका. केस फायलीतली कारणं, घरची भांडणं, टाकून दिलेली मुलं, यातलं काही ओळख पटेल असं छापायचं नाही. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर बाल न्याय कायदाच आड येतो.

नोकरीचं थोडक्यात सांगते, कारण शेवटी सगळे तेच विचारतात. एमएसडब्ल्यूवर तुम्ही संस्थेत समाजकार्यकर्ता म्हणून लागू शकता, पण मुलांना विशेष शिक्षक म्हणून शिकवायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिची नोंदणी लागते. १९९२ च्या कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही, असं स्पष्ट लिहिलंय. बारावीनंतरचा विशेष शिक्षणाचा डीएड दोन वर्षांचा आहे. पगार साध्या शाळेच्या बरोबरीचा सगळीकडे मिळेल असं धरून चालू नका, आणि सरकारी अनुदानावरची जागा आहे की ट्रस्टच्या पैशांवरची, हे मुलाखतीतच विचारा. ज्यांनी आधी हिशेबाच्या वह्या वाचल्यात त्यांना हा प्रश्न विचारायला लाज वाटत नाही.

छापायच्या आधी नावांच्या क्रमावरून वाद होणार, याची तयारी ठेवा. अध्यक्ष आधी की संस्थापक, हयात आधी की दिवंगत, देणगीदारांचं पान कुठे. मी सुचवते तो तोडगा असा: सगळ्यांची नावं रुजू झाल्याच्या वर्षाने लावायची. विश्वस्त, शिक्षिका, रिक्षावाले काका, तेडागर बेन, सगळे एकाच यादीत, पुढे काम आणि साल. मोठ्या देणगीदारांची नाराजी टाळायला त्यांना वेगळं पान द्या, त्याला कुणी हरकत घेत नाही. यादीचा मसुदा मीटिंगमध्ये वाचायच्या आधी खजिनदारांना एकट्याला गाठून दाखवा. त्यांची मान हलली की बाकीचे सह्या करतात.