इंग्रजीतून स्पॅनिश: मशीनचं क्रियापद तपासताना

स्पॅनिश शिकून भाषांतराच्या कामात येणाऱ्यांना आता कोरं पान फारसं मिळत नाही. मशीनने केलेलं भाषांतर समोर येतं, ते नीट करून द्यायचं. या पोस्ट-एडिटिंगवरच माझं घर चालतं, म्हणून क्रियापदांबद्दल थोडं सांगते.

सिस्ट्रानसारखी १९६८ पासूनची जुनी सॉफ्टवेअर व्याकरणाच्या नियमांवर चालायची आणि क्रियापदाची रूपंच चुकायची. २०१६ मध्ये गूगल ट्रान्सलेट न्यूरल पद्धतीकडे, म्हणजे भरपूर मजकुरातून स्वतःच शिकणाऱ्या पद्धतीकडे वळलं. आता रूप सहसा बरोबर असतं, त्यामुळे नवखा माणूस डोळे मिटून पुढे जातो. पण इंग्रजीने जे सांगितलेलंच नसतं, ते मशीनला मनाने ठरवावं लागतं. खरी तपासणी तिथे करायची.

'व्हेअर आर यू?' घ्या. मित्राला 'दोंदे एस्तास', साहेबांना 'दोंदे एस्ता', अनेकांना 'दोंदे एस्तान', आणि तेच अनेकजण स्पेनमधले मित्र असतील तर 'दोंदे एस्ताइस'. बरीच टूल्स एकेक वाक्य सुटं घेतात. मग एकाच अ‍ॅपमध्ये एका स्क्रीनवर ग्राहकाला 'तू' आणि पुढच्या स्क्रीनवर 'आपण' म्हटलं जातं. काम हाती घेतानाच विचारा: कोणत्या देशासाठी, 'तू' की 'उस्तेद' (आदराचं 'आपण')? अर्जेंटिनासाठी असेल तर 'तू'च्या जागी 'वोस' येतो आणि त्याच्याबरोबर बऱ्याच क्रियापदांची रूपंही वेगळी होतात. हा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका.

भूतकाळात मात्र मराठी आपल्या मदतीला येते. 'शी वर्क्ड इन अ बँक' या एकट्या वाक्यावरून 'त्राबाखो' घ्यायचं की 'त्राबाखाबा', हे ठरत नाही. मशीन त्यातलं एक घेऊन मोकळं होतं. तुम्ही मागचापुढचा मजकूर वाचा आणि मनात मराठीत म्हणून पाहा. 'तिने काम केलं' वाटलं तर पहिलं, 'ती काम करायची' वाटलं तर दुसरं. दर वेळी हे तंतोतंत जुळत नाही, पण सुरुवातीला फार उपयोगी पडतं.

सबजंक्टिव्हचंही, म्हणजे इच्छा किंवा अजून नक्की नसलेली गोष्ट सांगणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचंही, तसंच. मराठी येत असेल असा कुणीही भाषांतरकार हवा असेल तर 'के सेपा माराती'. मराठी येणारा ठरावीक माणूस शोधत असाल तर 'के साबे'. इंग्रजीत दोन्हीकडे 'हू नोज मराठी' असू शकतं.

बटणांवरचे सुटे शब्द सर्वांत फसवे. 'ओपन' म्हणजे 'उघडा' असेल तर 'आब्रिर', 'उघडं आहे' असेल तर 'आबिएर्तो'. स्क्रीनचा फोटो मागवल्याशिवाय मी असे शब्द पुढे पाठवत नाही.

शेवटचं वाचन इंग्रजी झाकून करा आणि त्या फेरीत फक्त क्रियापदं बघा. या फेरीचा वेळ दर सांगतानाच धरून ठेवा.