गाडीखालच्या ऑइलच्या थेंबाचा माग कसा काढावा

गाडी हलवल्यावर पार्किंगच्या फरशीवर काळा डाग दिसला, की सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी जुन्या गाडीचे एवढे चालायचेच म्हणतो, कोणी गळती थांबवणारे औषध ऑइलमध्ये ओतायला सांगतो, आणि गॅरेजमध्ये खाली वाकून एक नजर टाकताच ‘क्रँक सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असा निकाल मिळतो (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, आणि सील म्हणजे त्याच्या टोकाशी ऑइल अडवणारी रिंग). या तिन्ही सल्ल्यांची किंमत मी वेळोवेळी मोजलेली आहे. पुढची पद्धत नेहमीच्या पेट्रोल हॅचबॅकमधल्या, म्हणजे आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनाला धरून सांगितली आहे.

पडते ते ऑइलच आहे याची खात्री रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून करावी. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे आणि चिकट असते, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) बहुधा हिरवे किंवा गुलाबी असते, आणि एसीचे पाणी नुसतेच पाणी असते. डीपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी खालच्या खुणेच्या खाली असेल तर आधी ऑइल भरावे. डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचा लाल दिवा पातळीचा नसून दाबाचा असतो, तेव्हा तो लागण्याची वाट पाहून पातळी तपासणे म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणे आहे.

गळती सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झाली असेल, तर फार डोके न चालवता ऑइल फिल्टर आणि ड्रेन प्लग (जुने ऑइल काढायच्या भोकाचा बोल्ट) पाहावेत. फिल्टरची जुनी रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहते, तिच्यावर नवी रिंग बसते, आणि दोन रिंगांच्या फटीतून ऑइल येते. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा घालावा. प्लग बोल्ट आवळायच्या बंदुकीने आवळून ॲल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचे) आटे घालवणारे कारागीर पुष्कळ आहेत. एवढे काम समोर उभे राहून हातपान्यानेच करून घ्यावे.

खरी कसोटी यानंतर लागते. ऑइल जिथून निघते तिथे ते पडत नाही. ते इंजिनच्या अंगावरून ओघळते, कडेकडेने आडवे सरकते, गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि सगळ्यात खालच्या टोकाशी जमून थेंब होते. माझ्या गाडीचा थेंब इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात, त्या सांध्याच्या बरोबर तळाशी पडत असे. क्रँकचे मागचे सील गळले तर थेंब नेमका तिथेच पडतो, म्हणून मी गॅरेजवाल्याच्या निदानाला मान डोलावली. गिअरबॉक्स उतरला, सील बदलले, ‘उघडलेच आहे तर’ म्हणून क्लच प्लेटही बदलली, आणि चौथ्या दिवशी सकाळी त्याच फरशीवर तोच थेंब हजर होता.

तेव्हापासून माझा नियम ठाम आहे: इंजिन धुऊन कोरडे केल्याशिवाय केलेले कोणतेही निदान मानायचे नाही. वर्षानुवर्षे साचलेल्या काळ्या लगद्यावरून गळतीची जागा ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. इंजिन पूर्ण थंड असताना अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि वायरिंगच्या जोडण्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकाव्यात, डीग्रीझर (तेलकटपणा काढणारे द्रावण) मारून ब्रशने घासावे, आणि ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नये; कॉइलच्या खाचेत पाणी शिरले की गाडी झटके मारू लागते आणि मूळ दुखणे बाजूला राहते. रॉकेल वापरण्याची पद्धत मला पसंत नाही, कारण ते पुरते उडून जायच्या आत गरम एक्झॉस्टशी (धूर बाहेर नेणाऱ्या नळीशी) गाठ पडली तर ऑइलगळतीपेक्षा मोठा प्रश्न उभा राहतो.

इंजिन कोरडे झाले, की संशयित सांध्यांवर साधी टाल्कम पावडर हलकेच भुरभुरवावी. इंजिन वीस मिनिटे जागेवरच चालू ठेवावे, मग बंद करून टॉर्च आणि दांडीचा छोटा आरसा घेऊन पाहणी करावी. फिरत्या पट्ट्याजवळ आणि पंख्याजवळ चालू इंजिनात हात घालू नये. पंखा काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही सुरू होतो. जागेवर काहीच दिसले नाही, तर चार-पाच किलोमीटर चालवून आणून पुन्हा पाहावे. पाहणी नेहमी वरून खाली करावी आणि सगळ्यात वरची ओली जागा हीच संशयित धरावी, कारण ऑइल वर चढत नाही. पट्ट्याच्या बाजूला ऑइल चक्राकार उडालेले दिसले, तर क्रँकच्या पुढच्या सीलकडे वळावे.

माझ्या गाडीत टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यावर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला, पांढऱ्या पावडरमधून शिवणदोऱ्याएवढी बारीक तपकिरी रेघ उतरलेली आरशात दिसली. ती हेडवरून (इंजिनच्या वरच्या भागावरून) ब्लॉकवर (खालच्या मुख्य भागावर) आणि तिथून गिअरबॉक्सच्या सांध्याच्या वरच्या कडेला जाऊन मिळाली होती. मागचे सील आणि टॅपेट कव्हर यांतला फरक तिथेच कळतो: दोष सीलचा असेल तर सांध्याचा वरचा भाग कोरडा राहतो, वरची कडही ओली असेल तर ऑइल वरूनच येत आहे. एवढे आधी पाहिले असते तर गिअरबॉक्स जागेवरच राहिला असता. इतके करूनही माग लागला नाही, तर ऑइलमध्ये मिसळायचा फ्लुरोसंट रंग मिळतो. अतिनील टॉर्चखाली तो पिवळट हिरवा चमकतो. फक्त तोही इंजिन स्वच्छ करूनच वापरावा.

टॅपेट कव्हरचे पॅकिंग (झाकणाखालची ऑइल अडवणारी पट्टी) मागवण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह, तपासावा. तो चोंदला की क्रँककेसमधला, म्हणजे इंजिनच्या पोटातला, दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर रेटले जाते, मग पॅकिंग कितीही वेळा बदला. इंजिन मंद चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढून तोंडावर कागद धरावा. तो किंचित आत ओढला गेला तर ठीक. फुरफुर करून उडाला तर आधी व्हॉल्व्ह आणि त्याचा पाइप साफ करावा. साफ करूनही उडतच असेल तर पिस्टनच्या रिंगांची झीज तपासून घ्यावी लागते.

टॅपेट कव्हर काढणे अर्ध्या तासाचे काम आहे. माझे जुने पॅकिंग काढताना काचेच्या बांगडीसारखे तुकडे होऊन हातात आले. दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावेत, कारण पटाशीने ॲल्युमिनियमवर चरे पडतात. स्पार्क प्लगच्या नळ्यांची सीलेही याच वेळी बदलावीत. सिलिकॉन (फट बुजवायची रबरासारखी पेस्ट) फक्त टायमिंग कव्हर (इंजिनच्या पट्ट्याकडच्या बाजूचे झाकण) आणि हेड जिथे मिळतात त्या कोपऱ्यांवर, मुगाच्या दाण्याएवढे लावावे. संपूर्ण कडेने सिलिकॉन थापणाऱ्या कारागिराकडे मी पुन्हा जात नाही. आत सुटलेले त्याचे गोळे ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात.

बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत आवळावेत. हे बहुधा सहा मिलिमीटरचे असतात आणि त्यांना साधारण 10 न्यूटन-मीटर एवढाच जोर लागतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून घ्यावा. गळू नये म्हणून ‘अजून थोडे’ आवळले की पॅकिंग चेपून उलट गळते किंवा बोल्ट हेडमध्येच तुटतो. मी एक तोडलेला आहे. सिलिकॉन वाळायला पाकिटावर लिहिलेला वेळ द्यावा.

दुरुस्तीनंतर गाडी पहिल्यांदा चालवताना जळका वास येईल. एक्झॉस्टवर आधी सांडलेले ऑइल जळून गेले की तो थांबतो. दोन दिवसांनंतरही वास येत राहिला तर बॉनेट उघडावे, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर नवे ऑइल पडत असेल तर आग लागू शकते. आणि सगळा माग काढूनही दोष मागच्या सीलचाच निघाला, आठवड्याला थेंबभर गळत असले आणि क्लच घसरत नसला, तर दर पंधरा दिवसांनी डीपस्टिक पाहत क्लच प्लेट बदलायची वेळ येईपर्यंत मी गिअरबॉक्सला हात लावत नाही.