जेफ बेकचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकताना या चुका टाळा

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. मी महिनाभर तेच केलं. २००७ साली लंडनच्या रॉनी स्कॉट्स क्लबात गिटारवादक जेफ बेकने केलेले कार्यक्रम बघताना सूर मधेच बुडायचा, परत वर यायचा. वाटायचं, वावरात रेंज नाही. सोयाबीनचे पैसे आल्यावर बरे इअरफोन घेतले आणि कळलं, रेंज ठीक होती. हा माणूस तार आधी छेडतो आणि गिटारवरचं आवाजाचं बटण करंगळीने नंतर उघडतो. ठोका ऐकूच येत नाही, सूर बासरीसारखा फुंकरीतून उगवतो.

सगळ्यांची नजर डाव्या हातावर, पळणाऱ्या बोटांवर जाते. बेकचा उजवा हात बघा. पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, त्याने १९८०च्या दशकात सोडला. अंगठा आणि बोटं तारांवर, करंगळी बटणावर, आणि ट्रेमोलोची दांडी हाताशीच. ती किंचित दाबली की सूर उतरतो, उचलली की चढतो. माझा चुलतभाऊ राष्ट्रसंतांच्या भजनात खंजिरी वाजवतो. दोन मिनिटं बघून म्हणाला, "दादा, हा तं दाबून-सोडून बोलवते तिले." मला हे कळायला महिना लागला होता.

"गाणारा कुठं आहे?" हा प्रश्न घरोघरी येतो. असं विचारणाऱ्यांना 'नादिया' ऐकवा. रचना नितीन साहनींची, मूळ गायलेली स्वाती नाटेकरांनी. बेक त्यातली मींड न् मींड तारेवर घेतो. त्याच कार्यक्रमांत तो बिली कोबमचं 'स्ट्रेटस' दणक्यात वाजवतो आणि बीटल्सचं 'अ डे इन द लाइफ' शब्दांविना उभं करतो. 'अ डे इन द लाइफ'च्या या वादनाला २०१० मध्ये ग्रॅमी मिळालं. म्हणून एकच तुकडा ऐकून मत बनवू नका, पूर्ण कार्यक्रम ऐका.

वेगावरून तर मुळीच जोखू नका.

आणि साथीदारांना वगळू नका. ड्रम्सवर विनी कोलायुटा, बेसवर विशीतली टॅल विल्कनफेल्ड. 'कॉज वी हॅव एंडेड अ‍ॅज लव्हर्स'मध्ये ती एकटी वाजवू लागते. ६३ वर्षांचा बेक तेव्हा तिला मोकळी जागा देतो आणि कौतुकाने तिच्याकडे बघत राहतो. ती मिनिटं पुढे ढकलू नका. मी ती रोज रात्री, मोटार सुरू करून पाण्याची वाट बघताना ऐकतो.