टॅब्लेटला वायरलेस हेडसेट जोडताना

ऑनलाइन वर्ग, कार्यालयाची बैठक किंवा गाण्याचा रियाज यांसाठी टॅब्लेट वापरणाऱ्यांना ब्लूटूथ हेडसेट सोयीचा वाटतो. मात्र हा हेडसेट दोन निरनिराळ्या पद्धतींनी काम करतो, एक केवळ ऐकण्याची आणि दुसरी ऐकता ऐकता बोलण्याची, हे आधी समजून घेतले, तर पुढचा बराच मनस्ताप टळतो.

जोडणीपूर्वी दोन्ही उपकरणे पुरेशी चार्ज करावीत. हेडसेट आधी मोबाइलला जोडलेला असेल, तर चालू होताच तो आपण होऊन मोबाइलकडे जातो. म्हणून तेवढ्यापुरते मोबाइलचे ब्लूटूथ बंद ठेवावे. हेडसेट नुसता चालू करणे पुरेसे नसते, तो पेअरिंगच्या, म्हणजे नव्या उपकरणाशी जोडून घेण्याच्या, अवस्थेत न्यावा लागतो, आणि नवशिके नेमके येथेच अडतात. डोक्यावर घालायच्या बहुतेक हेडसेटमध्ये दिवा लुकलुकू लागेपर्यंत पॉवरचे बटण दाबून धरतात. इअरबड्सच्या बाबतीत अनेकदा डबीचे झाकण उघडून तिच्यावरील बटण दाबून धरावे लागते. त्यानंतर अँड्रॉइड टॅब्लेटवर किंवा आयपॅडवर सेटिंग्जमधील ब्लूटूथच्या पानावर जाऊन यादीतील हेडसेटच्या नावावर बोट टेकवावे. पुढच्या वेळी ही खटपट करावी लागत नाही.

आता त्या दोन पद्धतींविषयी. गाणे ऐकताना ध्वनी एकाच दिशेने वाहतो आणि दोन्ही कानांना स्वतंत्र, भरदार आवाज मिळतो. हेडसेटचा मायक्रोफोन सुरू झाला, की नेहमीच्या ब्लूटूथ हेडसेटमध्ये उपकरणे संभाषणाच्या पद्धतीवर येतात. तेथे दोन्ही कानांना एकच ध्वनी (मोनो) मिळतो आणि त्याचे नमुने, म्हणजे ध्वनिलहरीची मोजमापे, सेकंदाला 8,000 किंवा 16,000 वेळा घेतले जातात. संगीताच्या सीडीवर हे प्रमाण 44,100 असते. बोलणे समजण्यासाठी एवढे पुरते, परंतु तानपुऱ्याची आस त्यात उरत नाही. म्हणून बैठक सुरू होताच आवाज सपाट झाला, तर हेडसेट बिघडला असे समजू नये. फक्त ऐकायचे असेल, तर अनेक अँड्रॉइड टॅब्लेटवर हेडसेटच्या नावाशेजारील चक्राच्या चिन्हातून कॉलचा पर्याय बंद करून मीडिया ऑडिओ चालू ठेवता येतो. बैठकीपूर्वी मात्र कॉलचा पर्याय पुन्हा सुरू करावा. ऑनलाइन गाणे शिकणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: बैठकीची अॅप्स माणसाचा आवाज तेवढा राखून बाकीचे गोंगाट म्हणून दाबतात आणि त्यात तानपुरा व पेटीही दबतात. झूमसारख्या अॅपमध्ये मूळ ध्वनी तसाच पाठवण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी.

ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोचायला किंचित उशीर लागतो, बहुधा सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापासून पाव सेकंदापर्यंत. चित्रफीत दाखवणारी बरीचशी अॅप्स हा उशीर हिशेबात धरून चित्र थोडे मागे ठेवतात, त्यामुळे तो जाणवत नाही. पडद्यावरील पेटी वाजवताना मात्र बोट आधी आणि स्वर नंतर असे होते, आणि तबल्याच्या साथीवर गाणे ध्वनिमुद्रित केल्यास लय मागे पडलेली ऐकू येते. अशा कामाला वायरचा हेडफोनच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. टॅब्लेटला गोल जॅक नसेल, तर यूएसबी-सीचा अडॅप्टर चालतो.

आवाज तुटत असेल, तर अंतर पाहावे. नेहमीच्या हेडसेटचा पल्ला मोकळ्या जागेत सुमारे 10 मीटर असतो, भिंतीआड तो घटतो आणि आपले शरीरही या लहरी शोषून घेते. शिवाय ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. जुने वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात असतात. राउटरवर 5 गिगाहर्ट्झची सोय असल्यास टॅब्लेट तिकडे जोडावा. तरीही सुधारणा झाली नाही, तर यादीतून हेडसेट काढून टाकून नव्याने जोडावा.

आवाजाच्या पातळीकडे दुर्लक्ष करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकानुसार प्रौढांनी आठवड्याला 40 तासांपर्यंत 80 डेसिबल, तर मुलांनी तेवढ्याच वेळासाठी 75 डेसिबल ही मर्यादा पाळावी. आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये हेडफोनचा मोठा आवाज आपोआप कमी करण्याची सोय आहे. टॅब्लेट मुलाच्या हाती देण्यापूर्वी ती सुरू करावी.