संध्याकाळी सातचा स्वयंपाक

आमच्या गाडीत कामाची वाटणी पक्की आहे. स्टिअरिंग बायकोकडे, शेगडी माझ्याकडे. तिला माझं गाडी चालवणं बघवत नाही आणि मला तिचं कांदा चिरणं, त्यामुळे वादाला जागा नाही. कॅम्परच्या, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या या गाडीच्या, पहिल्या अठरा दिवसांच्या प्रवासात मी वहीच्या मागच्या पानांवर खाण्याचा पै-पैचा हिशोब ठेवला होता. परत आल्यावर बेरीज केली तेव्हा किराण्याचा आकडा अगदी माफक निघाला. फुगला होता बाहेरच्या जेवणाचा. अकरा वेळा बाहेर जेवलो, त्यातले नऊ वेळा संध्याकाळी, आणि ते सगळे दिवस पाच तासांहून जास्त गाडी चालवलेले. वर टाकून दिलेला माल वेगळाच: एक जुडी पालेभाजी, अर्धं चीज, दोनदा दूध.

म्हणून सांगतो, स्वस्त काय मिळतं याची यादी करत बसू नका. स्वस्त काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे: तांदूळ, डाळ, पास्ता, अंडी, बटाटे. पैसे जातात ते संध्याकाळी सात वाजता, गाडी लावल्यावर, पोटात कावळे ओरडत असताना आणि कोणालाच शेगडी पेटवायची नसताना. नियोजन त्या सातचं करायचं.

मी आधी रस्ता कागदावर मांडतो. रोज किती तास प्रवास, पोचायचं कधी, पुढचं मोठं गाव कुठे. मग प्रत्येक संध्याकाळीपुढे एक खूण. लांबच्या प्रवासाचा दिवस असेल तर दहा मिनिटांत होणारं किंवा नुसतं गरम करायचं जेवण. मध्यम दिवस असेल तर एका पातेल्यातलं. मुक्काम हलवायचा नाही त्या दिवशी खरा स्वयंपाक, आणि तोही पुढच्या दिवसांचा विचार करून. सामानाची यादी या खुणांवरून आपोआप निघते. उलट केलं, म्हणजे आधी सामान घेतलं आणि मग काय करायचं ते ठरवलं, की पालेभाजी सडते.

ताजा माल तीन-चार दिवसांपुरताच, आणि शक्यतो मोठ्या गावात. पेट्रोल पंपावरच्या किंवा कॅम्पसाइटवरच्या दुकानात फक्त विसरलेली वस्तू घ्यायची. तेल, मीठ, मसाले, चहा, साखर घरूनच लहान बाटल्यांत. तेलाची बाटली अख्खी नेण्याचा मोह आवरा. माझी एकदा वळणावर आडवी झाली होती आणि त्या कपाटाला अजून वास येतो.

भाज्यांना रांग लावून द्या. पालेभाजी आणि मशरूम पहिल्या दोन दिवसांत, मग टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, आणि सगळ्यात शेवटी कोबी, गाजर, भोपळा, कांदे, बटाटे. कोबी मधोमध चिरू नका, बाहेरून एकेक पान सोलून काढा. चिरलेली कड नसली की तो जास्त टिकतो. कांदे आणि बटाटे एका पिशवीत कोंबू नयेत, शेजार लाभत नाही आणि बटाट्यांना कोंब फुटतात. आमच्याकडे दोन जाळीच्या पिशव्या टांगलेल्या असतात, एक पुढे, एक मागे.

मापासाठी काटा नेत नाही, एक मग नेतो. माझ्या मगात २०० ग्रॅम तांदूळ बसतो. माणशी ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ धरला तर दोघांना पाऊण मग. डाळ माणशी ५० ते ६० ग्रॅम, पास्ता ९० ते १०० ग्रॅम. घरी निघण्याआधी तुमचा मग एकदा तोलून बघा आणि आकडे झाकणावर लिहून ठेवा. प्रवासात भूक वाढल्यासारखी वाटते म्हणून अंदाजाने मूठभर जास्त टाकलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी तेच फेकलं जातं.

आता गॅस. २३० ग्रॅमची लहान डबी घेतली तर सगळं सुरळीत असताना तिच्यावर पंधराएक लिटर पाणी उकळतं. हिशोब असा: एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल उष्णता लागते, एक ग्रॅम गॅस जळून ४६च्या आसपास किलोज्यूल देतो, आणि निम्मी उष्णता पातेल्याच्या बाजूंनी निसटते. वारा असेल तर त्याहून जास्त. झाकण हे गाडीतलं सगळ्यात स्वस्त उपकरण आहे, ते विसरू नका. मात्र डबीवरच बसणारी शेगडी असेल तर तिच्याभोवती चारही बाजूंनी आडोसा उभा करायचा नाही. उष्णता आत कोंडते, डबी तापते आणि स्फोट होऊ शकतो.

गॅस वाचवायचा सगळ्यात मोठा मार्ग कांद्यातून जातो. रस्सा, सूप, सॉस, काहीही करा, अर्धा वेळ कांदा-टोमॅटो परतण्यात जातो. ते काम मी निघायच्या आदल्या दिवशी घरीच उरकतो: एक किलो कांदे, तितकेच टोमॅटो, भरपूर लसूण, तेल सुटेपर्यंत परतायचं, गार झालं की पिशव्यांमध्ये चपटं करून गोठवायचं. एका पिशवीत एक जेवण. पहिले दोन दिवस त्याच पिशव्या कूलबॉक्समध्ये बर्फाचंही काम करतात.

दुसरा मार्ग भिजवण्याचा. सकाळी निघताना रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या बरणीत छोले भिजत घालायचे. सहा-सात तास ते हिंदकळत प्रवास करतात आणि मुक्कामी पोचेपर्यंत टपोरे होतात. बरणी निम्म्याहून जास्त भरू नका, फुगतात. दिवस फार तापलेला असेल तर बरणी कूलबॉक्समध्ये.

तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो: गॅस बंद करून शिजवणं. जाड बुडाच्या पातेल्यात तांदूळ आणि दुप्पट पाणी, झाकण लावून पाच-सहा मिनिटं खळखळून उकळू द्यायचं, मग गॅस बंद, पातेलं टॉवेलात गुंडाळायचं आणि स्लीपिंग बॅगमध्ये बसवायचं. अर्ध्या तासात भात तयार. झाकण मध्येच उघडून बघायचं नाही, हे मी स्वतःला दर वेळी बजावतो. मसूर डाळही अशी होते, ती न भिजवता लवकर शिजते.

राजम्याला मात्र हा खेळ चालत नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. ते जायला खरी उकळी लागते. कोमट-गरम तापमानाला रेंगाळत शिजवलेला राजमा कच्च्याहूनही वाईट ठरू शकतो. किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा आणि मग मऊ होईपर्यंत शिजवा. मी आधी अर्धा तास उकळतो. गाडीत आधीच संडासाची टाकी छोटी.

एकदा उंचावरच्या मुक्कामी डाळ दीड तास शिजत होती आणि दातांखाली कचकच करत होती. चूक डाळीची नव्हती. दर ३०० मीटर चढलं की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो, म्हणजे ३००० मीटरवर पाणी ९०च्या आसपासच उकळतं. गॅस कितीही मोठा केला तरी ते त्याहून गरम होत नाही. डोंगरात जायचं असेल तर तीन लिटरचा प्रेशर कुकर घ्या. तो वजन आणि जागा दोन्हीची भरपाई करतो. कुकर नसेल तर वर चढण्याआधीच डाळी उकडून ठेवा आणि वर अंडी, नूडल्स, ओट्स यांवर भागवा. थंडीचंही तसंच. नुसत्या ब्यूटेनची डबी शून्याच्या जवळ मान टाकते, कारण ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू व्हायलाच तयार नसतो. प्रोपेन उणे ४२पर्यंत साथ देतो, म्हणून थंडीत प्रोपेन मिसळलेली डबी बघून घ्या. डबी रात्री पांघरुणात ठेवायला हरकत नाही. आगीजवळ धरून गरम करायची नाही.

विजेवर स्वयंपाक करायचा विचार असेल तर आधी बॅटरीचा हिशोब करा. १००० वॅटची इंडक्शन शेगडी दहा मिनिटं चालली की १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४ अँपिअर-तास जातात, इन्व्हर्टरची गळती वेगळी. चहापुरतं ठीक आहे. छोल्यांना नाही.

शेगडी आत पेटवली की खिडकी आणि छताची झडप उघडी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. गजर देणारं यंत्र झोपायच्या जागेजवळ लावा, आणि थंडी वाजते म्हणून शेगडी पेटती ठेवून बसू नका. इथे काटकसर नको.

बर्फाचं सांगायचं तर लाद्या घ्या, खडे नकोत. खडे भराभर वितळतात. आम्ही पाण्याच्या बाटल्या गोठवून नेतो, वितळल्या की पिता येतात. एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषतो तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल, इतकी ती मोलाची गोष्ट आहे; ती गरम पातेलं गार करण्यात घालवू नका. पेय आणि अन्न वेगळ्या डब्यांत ठेवता आलं तर उत्तम, कारण पेयांचं झाकण दिवसातून वीस वेळा उघडतं. आत एक साधा थर्मामीटर टाका. पाच अंशांच्या वर राहू लागला की मांस, दूध, शिजवलेलं अन्न यांचा भरवसा संपला.

बाहेर राहिलेल्या शिजवलेल्या अन्नाला दोन तासांची मुदत, आणि हवा ३२ अंशांपलीकडे तापली असेल तर एकच तास. उन्हात बंद उभी असलेली गाडी ही तापलेली हवाच. भाताबाबत विशेष जपा. तांदळातल्या काही जीवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते जागे होतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. उरलाच तर पसरट डब्यात लवकर गार करून कूलबॉक्समध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी संपवायचा. मी सरळ मोजून करतो, उरवतच नाही.

मुक्कामाच्या दिवशी मी छोले उकडतो, दोघांसाठी ३०० ग्रॅम कोरडे. त्या रात्री घरच्या एका पिशवीतला कांदा-टोमॅटो घालून रस्सा आणि भात. दुसऱ्या दुपारी बाकीच्यांतले निम्मे काट्याने ठेचून, लिंबू, मीठ, कच्चा कांदा घालून ब्रेडमध्ये. यासाठी शेगडी पेटवावीच लागत नाही, रस्त्याकडेला थांबून पाच मिनिटांत होतं. त्या संध्याकाळी उरलेले सूपमध्ये, सोबत गाजर, कोबीची पानं आणि मूठभर पास्ता त्याच पातेल्यात. एका उकडण्यात तीन जेवणं निघाली आणि बायकोला तिन्ही वेगळी वाटली. चौथ्यांदा छोले काढले तेव्हा तिने गाडी एका खानावळीसमोर लावली. तिसऱ्यावर थांबा.

पास्त्याला भरपूर पाणी लागतं हे विसरून जा. जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात, अधूनमधून ढवळत तो छान शिजतो आणि ते पिठूळ पाणी सॉसमध्येच जिरतं. ओतून द्यायला काही उरत नाही, सांडपाण्याची टाकी लवकर भरत नाही. ताटल्या धुण्याआधी ब्रेडच्या तुकड्याने किंवा कागदाने पुसून घ्या, मग फवाऱ्याच्या बाटलीने दोन ताटल्या एका पेल्याच्या पाण्यात निघतात. सांडपाणी ठरलेल्या जागीच रिकामं करायचं. तशी सोय नसेल तर गाळून, ओढ्या-तळ्यापासून निदान ६० मीटर लांब.

आणि सातचा डबा. हा एक वेगळा, झाकणावर चिकटपट्टी मारलेला डबा आहे: नूडल्सची दोन पाकिटं, डबाबंद मासे, डबाबंद छोले, सूपची पाकिटं, पीनट बटर, एक चॉकलेट. एरवी हात लावायचा नाही. दिवस वाया गेला, टायर फुटला, पाऊस लागला, भांडण झालं, की चिकटपट्टी काढायची. पंधरा मिनिटांत ताट समोर हवं ही बायकोची अट आहे आणि या डब्याने ती कधी मोडलेली नाही. उघडला की पुढच्या खरेदीत आधी तो भरायचा. डबा आल्यापासून आमचं बाहेरचं जेवण अकरावरून तीनवर आलं. ती तीन आम्ही ठरवून जेवतो, दुपारी, दमलेले नसताना, चवीने.

शेवटचे दोन दिवस खरेदी बंद. सीमा ओलांडायची असेल तर फळं, भाज्या, मांस त्याआधीच संपवा, पुष्कळ ठिकाणी ते पुढे नेऊ देत नाहीत. उरलंसुरलं सगळं एका सूपमध्ये जातं; त्याला दर वेळी वेगळं नाव देतो, चव तीच असते. घरी पोचल्यावर गाडी पूर्ण रिकामी करतो, सातचा डबा तेवढा आतच राहतो. चॉकलेट मात्र काढून घेतो. उभ्या गाडीत ते वितळतं, आणि तसंही जिना चढता चढता संपतं.