ग्रुपचा सर्व्हे रिपोर्ट गूगल डॉक्सवर लिहायचा तर

एमएसडब्ल्यू किंवा एमएचा सर्व्हे रिपोर्ट चार-पाच जणांनी मिळून लिहायचाय ना, मग वर्डची फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं आधी बंद करा, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ असं होत होत सबमिशनच्या आदल्या रात्री खरी फाइल कुठली तेच कळत नाही.

गूगल डॉक्समध्ये एकच फाइल काढा, शक्यतो कोणाच्यातरी स्वतःच्या जीमेलवरून, कारण कॉलेजचा आयडी पास झाल्यावर बंद झाला तर फाइल पण हातची जाऊ शकते. शेअर करताना ग्रुपमधल्यांना एडिटर करा, गाइड मॅडमना कमेंटर, म्हणजे त्या मजकूर बदलू शकत नाहीत, फक्त शेरे देऊ शकतात. आणि लिंक असलेल्या कोणालाही एडिट करता येईल असं ठेवू नका प्लीज, लिंक कुठे कुठे फॉरवर्ड होते.

दुसऱ्याचं लिहिलेलं थेट खोडायचं नाही. वर उजवीकडे पेन्सिल आहे, तिथे ‘सजेस्टिंग’ करा, म्हणजे तुमचा बदल नुसती सूचना म्हणून दिसतो. समजा कोणी लिहिलंय ‘गावात पाणीटंचाई आहे’ आणि तुम्हाला टँकर आठवड्यातून किती वेळा येतो ते हवंय, तर ते वाक्य सिलेक्ट करून कमेंट टाका, @ लावून त्याचा ईमेल लिहा आणि असाइन करा, त्याला मेल जातो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट व्हर्जन हिस्टरी. फाइल मेनूत मिळेल, कोणी कधी काय लिहिलं ते रंगाने दिसतं, चुकून उडालेलं परत आणता येतं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण गप्प बसून तीन प्रकरणं लिहिणारी मुलगी व्हायव्हात अडखळली की तिचं श्रेय दुसराच घेऊन जातो, ते व्हायला नको. पण त्यासाठी डॉक्समध्येच लिहायला हवं, सगळ्यांचं एकाने पेस्ट केलं तर सगळं त्याच्याच नावावर दिसतं.

मुलाखती टाइप करायचा कंटाळा येतो, तर कॉम्प्युटरवर क्रोममध्ये टूल्समधलं व्हॉइस टायपिंग मराठीवर ठेवा, कानात रेकॉर्डिंग ऐकत ऐकत आपण बोलत जायचं, विरामचिन्हं मागाहून हाताने. जुना मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असेल तर पेस्ट केल्यावर भलतीच अक्षरं दिसतात, तो कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला.

गावात नेट नसतं, म्हणून निघण्याआधीच लॅपटॉपवर ऑफलाइन चालू करून ठेवा.

प्रिंटला मात्र पीडीएफच द्या, वर्ड फाइल दिली की झेरॉक्सवाल्याकडे फॉन्ट बदलतो आणि अनुक्रमणिकेतले पान नंबर चुकतात.