जनरेटरचं इंजिन विमानाला: माझा अनुभव

आधी डोक्यात शेतातल्या पंपाचं डिझेल इंजिन होतं. काकांच्या मळ्यातलं ५ एचपीचं हलवायलाच चार माणसं लागली, विषय तिथंच मिटला. मग जुन्या जनरेटरचं दोन सिलिंडरचं पेट्रोल इंजिन घेतलं: ६२७ सीसी, ३६०० आरपीएमला २३ एचपी, आडवा शाफ्ट.

वजन वाचवायच्या नादात मी त्याचं, थंड हवा सिलिंडरवर वळवणारं पत्र्याचं कव्हर काढलं. म्हटलं, प्रोपेलरची हवा आहेच की! सोलापूरचा मे महिना. चाचणीच्या स्टँडवर पाच मिनिटांत प्लगखालचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) २४० अंश सेल्सिअस दाखवायला लागला, जळक्या रंगाचा वास सुटला. प्रोपेलरच्या मधल्या भागातून हवा फारशी येतच नाही, ती बाहेरच्या बाजूला जास्त.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतले लेथवाले मामा एरवी लूमचे पार्ट करतात. "विमान करताय का गिरणी?" म्हणाले, पण पत्रा सिलिंडरच्या फिनांना (उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांना) अगदी चिकटून वळवून दिला. आता काटा १९०वर थांबतो. प्रोपेलरची ओढ झेलायला या इंजिनाचं मूळ बेअरिंग बनलेलंच नसतं, म्हणून वेगळं थ्रस्ट बेअरिंगही त्यांनीच बसवलं.

डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या सरकारी संस्थेची) परवानगी मिळेपर्यंत ते स्टँडवरच फिरतंय. शेजारच्या वहिनी मात्र वैतागल्यात.